मुख्य स्विचबोर्डाची नियमित तपासणी आणि देखभाल : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

४०० व्होल्ट, तीन फेजच्या मुख्य स्विचबोर्डाच्या देखभालीचे काम आजपासून हाती घेतले. ६३० अँपिअरचा एक इनकमर (बोर्डात वीज आणणारा मुख्य स्विच), त्याला लागून जनरेटरचा इनकमर आणि चेंजओव्हर (एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच), दहा आउटगोइंग फीडर (वीज पुढे नेणाऱ्या शाखा) आणि एका टोकाला पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर, असे या बोर्डाचे स्वरूप आहे. असेच काम अंगावर घेणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगितली पाहिजे. बोर्डाचे दार उघडून आत करायचे प्रत्येक काम त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि लेखी अधिकार मिळालेल्या माणसांनीच करावे. इतरांनी दार बंद ठेवून बाहेरूनच पाहावे, आणि तेवढ्यानेही पुष्कळ कळते.

आज दार उघडलेच नाही. बोर्डासमोर उभे राहून कान दिला, वास घेतला, पत्र्याचा रंग पाहिला. कपॅसिटरच्या कप्प्यातून कॉन्टॅक्टरची (चुंबकाने चालणाऱ्या स्विचची) घरघर येत होती. फीडर ४ च्या झाकणावरचा रंग खालच्या कोपऱ्यात किंचित पिवळसर पडला होता आणि तिथे जवळ गेल्यावर तापलेल्या प्लॅस्टिकचा मंद वास येत होता. हवेसाठी ठेवलेल्या जाळ्या धुळीने जवळजवळ बुजल्या होत्या. बोर्डासमोरची जागा सामानाच्या खोक्यांनी अडली होती, ती आजच मोकळी करून घेतली. आत काही घडले तर माणसाला मागे सरता आले पाहिजे, म्हणून ही जागा आवरणे हा देखभालीचाच भाग मानतो.

त्यानंतर बोर्डावरील पाट्या आणि जुने रेखाचित्र शेजारी ठेवून ताडून पाहिले. रेखाचित्रात ‘राखीव’ असलेल्या फीडर १० चा ब्रेकर चालू स्थितीत होता आणि त्याच्या मीटरवर प्रवाह दिसत होता. बोर्डाच्या बाजूच्या पत्र्यातून आत शिरणारी एक बारीक केबल रेखाचित्रात कुठेच नव्हती. शटडाऊन, म्हणजे पूर्ण बोर्ड बंद करून करायचे काम, येत्या सुट्टीच्या दिवशी घ्यायचे ठरले होते. ही केबल पाहिल्यावर ते पुढे ढकलले. वीज कुठकुठून येते हेच जिथे पूर्ण ठाऊक नाही, तो बोर्ड बंद केला असे म्हणता येत नाही.

५ फेब्रुवारी

दिवसभर फक्त वीजपुरवठ्यांचा माग काढला. मुख्य इनकमर आणि जनरेटर हे दोन स्रोत सर्वांना माहीत असतात. घात होतो तो बाकीच्यांमुळे. चेंजओव्हरच्या नियंत्रण सर्किटला यूपीएसकडून वीज मिळते, त्यामुळे इनकमर आणि जनरेटर दोन्ही बंद केले तरी आतील काही टर्मिनलवर २३० व्होल्ट राहतात. बोर्डात दमटपणा साचू नये म्हणून बसवलेल्या स्पेस हीटरची वीज शेजारच्या दिव्यांच्या बोर्डावरून येते, आणि हे योग्यच आहे, कारण मुख्य बोर्ड बंद असतानाच त्या हीटरची खरी गरज असते. पण तशी पाटी कुठेही नव्हती. फीडर १० वर एक बॅटरी इन्व्हर्टर जोडलेला निघाला. तो उलट दिशेने बोर्डाकडे वीज देऊ शकतो का, याचे उत्तर त्याच्या माहितीपत्रकातून मिळेपर्यंत तो देऊ शकतो असेच धरून यादीत घेतला.

बाजूने शिरणाऱ्या बारीक केबलचा दुसरा छेडा मात्र सापडला नाही. ती भिंतीतल्या नळीत जाऊन दिसेनाशी होते. यादीत ती ‘लाइव्ह (वीज असलेली) समजावी’ अशा नोंदीसह ठेवली.

प्रत्येक स्रोतासमोर तो कुठे तोडायचा, तिथे कुलूप बसते का, आणि तुटल्याची खात्री कोणत्या टर्मिनलवर करायची, हे तिन्ही लिहिले. दिव्यांच्या बोर्डावरील छोट्या ब्रेकरला कुलूप लावण्याची सोय नव्हती, तिच्यासाठी वेगळी पट्टी मागवावी लागली. अशा किरकोळ वस्तूवाचून ऐन कामाच्या दिवशी माणूस ब्रेकरवर नुसती चिकटपट्टी लावतो, आणि चिकटपट्टी कोणीही काढू शकतो.

१० फेब्रुवारी

आज बोर्ड पूर्ण भारावर असताना थर्मल कॅमेऱ्याने तपासणी केली. सैल किंवा खराब जोड प्रवाह वाहत असतानाच तापतो, म्हणून ही तपासणी वीज चालू असतानाच करावी लागते आणि तीच या सगळ्या कामातली सर्वांत जोखमीची पायरी आहे. उघड्या लाइव्ह भागांजवळ आर्क (हवेतून उसळणारा विजेचा प्रखर लोळ) उठला तर पळायला वेळ मिळत नाही. त्यामुळे आर्कपासून संरक्षण देणारे कपडे, तोंड झाकणारी ढाल आणि १००० व्होल्टसाठी असलेले क्लास ० चे रबरी हातमोजे, त्यांवर चामड्याचे, अशी तयारी करून दोघेच पुढे गेलो. बाकीच्यांना दोरीबाहेर ठेवले. रबरी मोजा घालण्यापूर्वी त्याचा मनगटाकडील भाग गुंडाळत आणून आत हवा कोंडायची आणि बोटे फुगवून कुठे हवा सुटते का ते गालाजवळ धरून पाहायचे. याला अर्धे मिनिट लागते. आज एका मोज्याच्या अंगठ्याजवळ हवा सुटताना जाणवली. तो जागेवरच कापून टाकला, म्हणजे पुन्हा कोणाच्या हातात जायला नको.

पहिली अडचण पारदर्शक आडपडद्यांची आली. डोळ्यांना आरपार दिसणारे प्लॅस्टिक या कॅमेऱ्याला आरपार दिसत नाही. कॅमेरा त्या पडद्याचेच तापमान दाखवतो आणि सगळे थंड असल्याचा भास होतो. पडदे काढून तपासणी करावी अशी सूचना आली, ती मान्य केली नाही. ते पडदे लाइव्ह बसबारसमोरचे (वीज वाटणाऱ्या जाड तांब्याच्या पट्ट्यांसमोरचे) आहेत आणि ते काढताना निसटलेला एक स्क्रूसुद्धा दोन फेज जोडू शकतो. जिथे दृष्टी पोहोचते तेवढेच पाहिले आणि बाकीचे जोड शटडाऊनमध्ये हाताने तपासण्याच्या यादीत टाकले.

दुसरी अडचण चकाकत्या तांब्याची. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे उघड्या बसबारवरचा आकडा विश्वासार्ह नसतो. मी लगच्या (केबलच्या टोकावर दाबून बसवलेल्या, बोल्टने जोडायच्या तुकड्याच्या) लगेच पुढे असलेल्या केबलच्या आवरणावर किंवा श्रिंक नळीवर मोजमाप घेतो. तिन्ही फेजवर तीच जागा धरली की तुलना खरी होते.

फीडर ४ चे आकडे असे आले. खोलीचे तापमान ३० अंश, तिन्ही फेजमधील प्रवाह ११८, १२१ आणि ११६ अँपिअर. पहिल्या दोन फेजच्या लगजवळ ४१ आणि ४२ अंश, तिसऱ्याजवळ ६८ अंश. प्रवाह जवळजवळ सारखा असताना एकच फेज इतका तापतो, याचा अर्थ दोष जोडात आहे.

फीडर ७ वर प्रथमदर्शनी असेच वाटले होते. दोन फेज ३८ अंशांवर आणि तिसरा ४६ वर. पण क्लँप मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून प्रवाह मोजणारा मीटर) लावल्यावर दोन फेजमध्ये ६० आणि तिसऱ्यात ८५ अँपिअर मिळाले. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सुमारे १.४ पट, म्हणजे तापमानातील वाढ सुमारे दुप्पट, आणि वाढ ८ वरून १६ अंशांवर गेलेली दिसतेच आहे. जोड निर्दोष आहे, भार असमान वाटला गेला आहे. कॅमेऱ्याचे चित्र पाहून लगेच पाना हातात घेण्याची सवय असेल तर इथे चांगला जोड उगाच उघडला गेला असता. प्रवाह मोजल्याशिवाय थर्मल चित्राचा अर्थ लावू नये, हे मला या तपासणीतील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

क्लँप मीटरने आणखी दोन गोष्टी उघड केल्या. संगणक आणि एलईडी दिवे असलेल्या फीडर ५ वर फेजमध्ये ५२, ४९ आणि ५५ अँपिअर, तर न्यूट्रलमध्ये (प्रवाहाच्या परतीच्या तारेत) ६१ अँपिअर होते. तीन फेज समतोल असले की न्यूट्रल जवळजवळ रिकामा असतो, हा समज अशा भारांना लागू पडत नाही. त्यांच्यातील तिसऱ्या क्रमाच्या हार्मोनिक लहरी (मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेच्या) न्यूट्रलमध्ये एकमेकींना रद्द न करता एकत्र येतात. इथे न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची आहे. ही नोंद वेगळी लाल अक्षरांत केली.

फीडर ६ च्या फेज आणि न्यूट्रल अशा सर्व तारा एकत्र क्लँपमध्ये धरल्यावर बेरीज शून्य यायला हवी होती, ती ४ अँपिअर आली. हा प्रवाह दुसऱ्या वाटेने परत जात होता. शोधता शोधता फीडर ६ वरील काही दिव्यांचा न्यूट्रल फीडर ८ च्या न्यूट्रलला जोडलेला मिळाला. असा उसना न्यूट्रल फार धोक्याचा असतो. फीडर ८ बंद करून, त्याला कुलूप लावून कोणी त्याचा न्यूट्रल सोडवला, तर सुटलेल्या टोकावर दिव्यांमधून आलेले पूर्ण व्होल्टेज त्याची वाट पाहत असते.

संध्याकाळी फीडर ४ वरील भार ७० अँपिअरपर्यंत कमी करून घेतला. तिसऱ्या फेजचे तापमान ४४ अंशांवर उतरले. शटडाऊनपर्यंत एवढाच भार ठेवायचा आणि रोज मोजायचे, असे ठरले.

१३ फेब्रुवारी

साहित्य आणि कागदपत्रांचा दिवस. टॉर्क पान्याचे (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याचे) कॅलिब्रेशन मुदतीत आहे का हे पाहिले, ते संपलेले होते, दुसरा पाना आणवला. बोर्डाच्या निर्मात्याचा टॉर्क तक्ता मिळवला. बोल्टचा आकार पाहून अंदाजाने टॉर्क ठरवणे योग्य नाही, कारण तोच बोल्ट ब्रेकरच्या टर्मिनलवर आणि बसबारच्या जोडावर वेगवेगळा टॉर्क मागतो. बॅटरीवरचे दिवे गोळा केले, कारण बोर्ड बंद झाला की त्या खोलीतलाच उजेड जातो.

व्होल्टेज तपासण्यासाठी दोन टोकांचा, आयईसी ६१२४३-३ या मानकाला अनुसरणारा टेस्टर आणि तो नीट चालतो का हे दाखवणारे प्रूव्हिंग युनिट घेतले. स्पर्श न करता लुकलुकणारा पेन टेस्टर शोधकामापुरता ठीक आहे. वीज नाही हे सिद्ध करायला तो चालत नाही. त्याची बॅटरी संपली, तार धातूच्या आवरणात असली किंवा पकड चुकली, तरी तो गप्पच राहतो.

१६ फेब्रुवारी, सकाळ

कामाचा परवाना लिहून झाल्यावर सर्वांना एकत्र बसवून स्रोतांची यादी वाचून दाखवली. प्रत्येकाला स्वतःचे कुलूप आणि स्वतःची किल्ली दिली. दुसऱ्याचे कुलूप कोणी काढायचे नाही. एका सहकाऱ्याला फक्त बाहेर उभे राहण्याचे काम दिले: कोणत्या ब्रेकरने वीज तोडायची, मदत कुठून बोलवायची आणि छाती दाबून कृत्रिम रक्ताभिसरण कसे द्यायचे हे त्याला येते, आणि दिवसभर त्याच्या हातात दुसरे काम नसेल.

आधी आउटगोइंग फीडर, मग इनकमर, अशा क्रमाने बंद केले. जनरेटरचा ब्रेकर बंद करून कुलूप, शिवाय त्याला सुरू करणाऱ्या बॅटरीचे टोक सोडवले. यूपीएस, स्पेस हीटर आणि इन्व्हर्टर यादीप्रमाणे तोडले. कपॅसिटरच्या कप्प्याला हात लावण्यापूर्वी थांबलो. असे कपॅसिटर वीज तुटल्यावर तीन मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली यावेत अशी मानकाची अपेक्षा असते, पण ती त्यांच्यावरील डिस्चार्ज रोधक शाबूत असेल तरच पुरी होते. आम्ही त्याहून बराच अधिक वेळ दिला आणि तरीही प्रत्येकावर व्होल्टेज मोजले. एकावर अजून ११० व्होल्ट होते, त्याचा रोधक तुटलेला निघाला. योग्य रोधकातून तो रिकामा केला आणि सेवेतून काढून ठेवला.

मग डेड असल्याची, म्हणजे वीज नसल्याची, चाचणी. टेस्टर प्रूव्हिंग युनिटवर तपासायचा, मग फेज ते फेज, फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशा सर्व जोड्या मोजायच्या, आणि शेवटी टेस्टर पुन्हा युनिटवर तपासायचा. मधल्या काळात टेस्टरच बिघडला असेल तर ते शेवटच्या पायरीत कळते. मुख्य बसबारवर सर्वत्र शून्य आले. पण नियंत्रणाच्या टर्मिनल पट्टीवर २३० व्होल्ट आढळले.

काम तिथेच थांबवले आणि सर्वांना बाहेर काढले. ही वीज त्याच अनोळखी केबलमधून येत होती. भोंग्यासाठी कोणीतरी पूर्वी दूरच्या एका छोट्या बोर्डावरून ती ओढली होती, आणि त्या बोर्डावर तिच्या ब्रेकरला ‘पंखे’ अशी पाटी होती. तो ब्रेकर सापडून कुलूप लागेपर्यंत सकाळचा मोठा भाग गेला. त्यानंतर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून पुन्हा केल्या. वेळ गेला याची खंत नाही. ती पट्टी उघड्या दाराच्या आतल्या बाजूला, माणसाच्या कोपराच्या उंचीवर आहे.

नंतर एका सुट्या केबलवर मल्टिमीटरने ६० व्होल्ट दाखवले. दोन टोकांच्या, कमी रोधाच्या टेस्टरने मोजताच आकडा शून्यावर आला. शेजारच्या केबलमुळे उमटणारे असे खोटे व्होल्टेज मल्टिमीटरवर नेहमी दिसते. तरीही ते खोटे आहे हे टेस्टरने दाखवेपर्यंत ती केबल लाइव्हच मानली.

वीज नसल्याचे सिद्ध झाल्यावर इनकमरच्या बाजूने तिन्ही फेज शॉर्ट करून अर्थला जोडले, आणि त्यानंतरच काम सुरू झाले.

१६ फेब्रुवारी, दुपार

प्रथम फीडर ४. ब्रेकरच्या खालच्या टर्मिनलवरील तिसऱ्या फेजचा जोड उघडला. बोल्टच्या डोक्यावर वेगवेगळ्या रंगांच्या खुणा एकमेकींवर होत्या, म्हणजे तो पूर्वी अनेकदा घट्ट केला गेला होता. लग उचलताच कारण दिसले. लग आणि टर्मिनलच्या मध्ये लोखंडी वॉशर बसवलेला होता. वॉशर बोल्टच्या डोक्याखाली असायला हवा आणि लगचे तांबे टर्मिनलच्या तांब्याला थेट भिडायला हवे. इथे सगळा प्रवाह लोखंडाच्या त्या पातळ चकतीतून जात होता. वॉशर कडेने निळा-जांभळा पडला होता, टर्मिनलवर त्याचे काळे वर्तुळ उमटले होते, आणि लगला लागून असलेले केबलचे आवरण नखाने दाबताच भुग्यासारखे तुटून खाली पडले. बोल्ट कितीही आवळला असता तरी हा जोड थंड झाला नसता. उलट प्रत्येक वेळी आवळणाऱ्याला आपण दुरुस्ती केली असे समाधान मिळाले असणार.

केबल स्वच्छ, लालसर तांबे दिसेपर्यंत मागे कापली. तेवढी लांबी कमी पडत होती, म्हणून ग्लँड (केबल पत्र्यात घट्ट धरणारा तुकडा) सैल करून चरातील वळशातून केबल वर घेतली. नवा लग त्याच मापाच्या डायने क्रिंप केला. जुन्या लगवर एक माप मोठ्या डायची खूण होती, तोही दोषाचा भाग होता. टर्मिनलवरील कथिलाचा मुलामा बहुतेक शाबूत असल्याने तिथे पॉलिश पेपर लावला नाही, फक्त कापडाने पुसले. मुलामा घासून काढला की खालचे तांबे लवकर काळवंडते.

पण ब्रेकरचे काय? इतकी उष्णता सोसलेल्या पोलचा रोध मोजला, तो इतर दोन पोलच्या जवळजवळ दुप्पट आला. ब्रेकर बदलणे भाग होते. भांडारातला सुटा ब्रेकर त्याच आकाराचा, त्याच अँपिअरचा होता आणि जागेवर बिनचूक बसलाही असता. पाटी वाचल्यावर मात्र त्याची शॉर्ट सर्किट तोडण्याची क्षमता २५ किलोअँपिअर निघाली, जुन्याची ३६ होती. या बोर्डावर तो बसवता येत नाही. फीडर ४ ला कुलूप लावून बंद ठेवला आणि योग्य ब्रेकर मागवला. त्या विभागाची गैरसोय होणार होती, ती त्यांना समोर जाऊन सांगितली.

सफाई व्हॅक्यूम क्लीनर आणि मऊ, धातू नसलेल्या ब्रशने केली. पूर्वी इथे हवेचा झोत मारत असत हे धुळीवरूनच कळते. मोकळ्या पृष्ठभागावरची धूळ कॉन्टॅक्टरच्या आत आणि बसबारच्या आधारांमागे जाऊन घट्ट बसली होती. कपॅसिटरच्या कॉन्टॅक्टरची घरघर याच धुळीमुळे होती. त्याच्या चुंबकाचे पृष्ठभाग पुसल्यावर तो हाताने दाबून पाहता पूर्ण मिटू लागला. बसबारमागे तळाशी एक सुटा नट पडलेला मिळाला. केबल शिरण्याच्या एका उघड्या भोकाजवळ उंदरांच्या लेंड्या होत्या, ते भोक पत्र्याने आणि आग रोखणाऱ्या लिंपणाने बंद केले.

बाकीचे जोड सरसकट आवळले नाहीत. टॉर्कची खूण रेषेत असेल, रंग बदललेला नसेल आणि थर्मल चित्र चांगले असेल, तर जोडाला हात लावला नाही. पुन्हा पुन्हा आवळल्याने बोल्ट ताणला जातो, स्प्रिंगसारखे काम करणारे वॉशर सपाट होतात आणि अॅल्युमिनियमच्या तारा चेपून जोड सैल होतो. पडद्यांमागचे, कॅमेऱ्याला न दिसलेले जोड मात्र एकेक करून टॉर्क पान्याने तपासले. दाराला अर्थशी जोडणाऱ्या वेणीच्या लगखाली रंगाचा थर होता, तो खरवडून जोड पुन्हा केला. मीटर सोडवण्यापूर्वी करंट ट्रान्सफॉर्मरच्या (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणाऱ्या) टर्मिनलवरील शॉर्टिंग पट्टी लावली. प्राथमिक बाजूला प्रवाह असताना या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू उघडी राहिली तर तिथे प्राणघातक व्होल्टेज तयार होते, म्हणून वीज बंद असतानाही ही सवय मोडायची नाही. उसना न्यूट्रल सोडवून फीडर ६ वर परत आणला.

शेवटी मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र. त्याआधी सर्ज अरेस्टर (अचानक वाढलेले व्होल्टेज रोखणारे उपकरण) आणि इलेक्ट्रॉनिक मीटर सोडवले, नाहीतर एकतर ते जळतात किंवा त्यांच्यामुळे आकडा खोटा कमी येतो. ५०० व्होल्ट डीसीवर किमान १ मेगाओहम अपेक्षित असतो, आणि सुस्थितीतील फीडर त्याच्या कितीतरी पट दाखवतात. बहुतेक ठिकाणी २०० मेगाओहमच्या वर आले. फीडर ९ वर तिसरा फेज ते अर्थ ०.६ आला. त्याच्या बाहेरच्या जोडपेटीत पाणी साचलेले होते. पेटी उघडून सुकत ठेवली आणि तोही फीडर कुलपात ठेवला.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाहेर काढलेली हत्यारे यादीशी ताडली. एक पाना कमी भरला आणि तो सापडेपर्यंत दार बंद करू दिले नाही. तो कपॅसिटरच्या कप्प्यात आधाराच्या पट्टीवर होता. तात्पुरते अर्थिंग काढले, ते काढल्याची नोंद परवान्यावर केली, बसबारवर पुन्हा एकदा मेगर लावला, सोडवलेली उपकरणे जोडली, शॉर्टिंग पट्टी काढली, सर्व झाकणे लावली. प्रत्येकाने आपले कुलूप स्वतः काढले.

इनकमर चालू करताना बोर्डाच्या समोर कोणी उभे राहिले नाही. करणाराही बाजूला, तोंड वळवून. फीडर एकेक करून, मध्ये थांबत, चालू केले. त्यानंतर गळती प्रवाह ओळखणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी यंत्राने तपासले. निम्म्या प्रवाहाला ते टिकून राहायला हवेत आणि पूर्ण प्रवाहाला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटायला हवेत. एक आरसीसीबी चाचणीच्या बटणालाही तुटला नाही, तो बदलला. हे बटण कोणालाही बाहेरून दाबता येते, आणि तरीही तो किती काळ असा निकामी पडून होता हे कोणालाच ठाऊक नव्हते.

२० फेब्रुवारी

बोर्ड नेहमीच्या भारावर आल्यावर थर्मल तपासणी पुन्हा केली, त्याच जागांवर आणि प्रवाह मोजून. उघडलेल्या जोडांपैकी एकही शेजारच्या फेजपेक्षा दोन अंशांहून अधिक तापलेला नाही. फीडर ६ च्या सर्व तारांची बेरीज आता शून्य येते. रेखाचित्र नव्याने काढले आणि त्याची प्रत दाराच्या आत लावली. भोंग्याची केबल, यूपीएस, हीटर आणि इन्व्हर्टर यांच्या पाट्या दाराच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर लावल्या: ‘इनकमर बंद केल्यावरही आत वीज राहते’, आणि त्याखाली ती कुठे तोडायची ते.

३ मार्च

३६ किलोअँपिअर क्षमतेचा ब्रेकर आला. छोटे शटडाऊन घेतले, पण परवाना, कुलपे आणि डेड असल्याची चाचणी यांतील एकही पायरी गाळली नाही. जुन्या ब्रेकरवरील ओव्हरलोडची सेटिंग नुसती उतरवून न घेता केबलच्या क्षमतेशी ताडली. ती केबलला झेपेल त्यापेक्षा जास्त ठेवलेली होती, ती कमी केली. केबल सोडवून जोडली असल्याने फेजचा क्रम तपासला, मगच त्यावरील पंप सुरू केले. दोन तास चालल्यानंतर ११५ अँपिअरवर तिन्ही फेज ४२, ४३ आणि ४२ अंशांवर आहेत.

फीडर ९ ची जोडपेटी बदलल्यावर मेगर १५० मेगाओहम दाखवतो, तो आज चालू केला. फीडर ५ ची निम्म्या जाडीची न्यूट्रल तार बदलणे, फीडर ७ चा भार तीन फेजवर वाटणे आणि काढून ठेवलेल्या कपॅसिटरच्या जागी नवा बसवणे ही कामे बाकी आहेत. न्यूट्रल बदलेपर्यंत फीडर ५ वर नवा भार जोडू नये, अशी लेखी सूचना दिली असून त्याच्या न्यूट्रलचा प्रवाह दर आठवड्याला मोजून याच वहीत लिहायचा आहे.